संगीत 'मानापमान' : प्रदर्शनाच्या दालनातून संगीत नाटकाची पुनर्मांडणी – एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

पाश्चात्त्य देशांत ऑपेरा या नाट्यप्रकाराला जे स्थान आहे, ते महाराष्ट्रात संगीत नाटकाला आहे, असे विधान अनेकदा केले जाते. गायन, अभिनय, चित्रकला आणि वेशभूषा या कला दोन्हींत एकत्र येतात, एवढ्यापुरते हे साम्य खरे आहे. परंतु ऑपेराचे संगीत स्वरलिपीत बांधलेले असते. संगीत नाटकातील पदाची चाल ठरलेली असली, तरी तिचा विस्तार गायक-नट त्या त्या रात्री, समोरच्या प्रेक्षकांच्या साक्षीने करतो. त्यामुळे ऑपेराची संहिता आणि स्वरलिपी जपली, की पुष्कळ काही जपले जाते. संगीत नाटकाचे मात्र छापील पुस्तक हाती राहते आणि प्रयोग निसटून जातो.

निसटलेला प्रयोग प्रदर्शनाच्या दालनात पुन्हा उभा करता येईल काय, हा प्रश्न अलीकडे महत्त्वाचा झाला आहे. वस्तू काचेच्या कपाटात ठेवून त्यांखाली चिठ्ठ्या लावण्याची जुनी पद्धत मागे पडत आहे. प्रेक्षकाला ध्वनी, प्रकाश आणि दृश्य यांच्या मधोमध उभे करणारी मांडणशिल्पे जगभर उभारली जात आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने रॉयल ऑपेरा हाउसच्या सहकार्याने २०१७-१८ मध्ये ऑपेरा या विषयावर असे एक मोठे प्रदर्शन भरविले. त्यात सात ऑपेरा सात शहरांच्या इतिहासाशी जोडून दाखविले होते. व्हेनिसमधील मोंटेवेर्दीपासून लेनिनग्राडमधील शोस्ताकोविचपर्यंत सुमारे तीनशे वर्षांचा पट त्यात आला होता. प्रेक्षकाच्या कानांवर हेडफोन असे आणि तो ज्या दालनात पाऊल टाकी, तेथील संगीत त्याला आपोआप ऐकू येई.

हाच नमुना संगीत नाटकासाठी जसाच्या तसा उचलावा काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार 'मानापमान' या एका नाटकाच्या आधारे केला आहे. प्रेक्षकाला सामावून घेणारी दृश्य-श्राव्य रचना ही संगीत नाटकाला बाहेरून देण्याची गोष्ट नाही. ती त्याच्या घडणीतच होती आणि ती फिरती होती. म्हणून अशा प्रदर्शनाची रचना नाटक कंपनीच्या कार्यपद्धतीतूनच शोधली पाहिजे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

'मानापमान'ची निवड

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हापासून मराठी रंगभूमीचा इतिहास मोजला जातो. अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाला निश्चित रूप मिळाले. १८८२ मध्ये 'सौभद्र' आले, तर १८९९ मध्ये गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' आले. या परंपरेत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'मानापमान'ला विशेष स्थान आहे. किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत त्याचा पहिला प्रयोग केला. बालगंधर्वांनी भामिनीची, नानासाहेब जोगळेकरांनी धैर्यधराची, तर गणपतराव बोडसांनी लक्ष्मीधराची भूमिका केली. पदांना चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या. पदांची संख्या पन्नासच्या आसपास असल्याने हे नाटक वाचण्यापेक्षा ऐकण्याचे अधिक होते.

कथानक साधे आहे. श्रीमंत घरातील भामिनी शूर पण निर्धन सेनापती धैर्यधराचा अपमान करते. पुढे वनमाला या वेषांतरित रूपात ती त्याचे खरे मोल जाणते. धनवान पण भित्रा लक्ष्मीधर हास्यास्पद ठरतो. खाडिलकरांच्या 'कीचकवध' या नाटकावर १९१० मध्ये सरकारने बंदी घातली होती. त्यापाठोपाठ आलेले हे प्रेमप्रधान नाटक वरवर राजकारणापासून दूर दिसते, परंतु संपत्तीपेक्षा पराक्रम श्रेष्ठ हा त्याचा आशय तत्कालीन प्रेक्षकाला परका नव्हता. दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी, टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. त्यात गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी झाले आणि ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक राष्ट्रीय निधीसाठी एका रंगमंचावर उभे राहिले. धनाचा तोरा खाली आणणारे नाटक धन जमविण्याच्या कामी आले, हा योगही ध्यानात घेण्यासारखा आहे. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे निधन झाले. त्यामुळे ती रात्र मराठी रंगभूमीच्या स्मृतीत कायमची कोरली गेली.

संहिता, चाली, नट, राजकीय प्रसंग आणि आठवणींचे साहित्य या सर्व अंगांनी 'मानापमान'ची माहिती तुलनेने विपुल आहे. त्यावरील त्याच नावाचा चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाल्याने नव्या पिढीलाही ते नाव ठाऊक झाले आहे. प्रदर्शनासाठी एकच नाटक निवडायचे झाल्यास हे नाटक म्हणूनच सोयीचे ठरते.

पडदा : चित्रित खोली आणि तिची मागची बाजू

संगीत नाटकाचे नेपथ्य प्रामुख्याने रंगविलेल्या पडद्यांचे होते. राजवाडा, दिवाणखाना, रस्ता, बाग, जंगल असे पडदे गुंडाळी करून वर टांगलेले असत आणि दोरीने खाली सोडले जात. पुढच्या बाजूस रस्त्याचा उथळ प्रवेश चालू असताना मागे दरबाराची मांडणी होई. पुढचा पडदा वर गेला, की सजलेला दरबार एकदम दृष्टीस पडे. प्रेक्षकाला वाटणारा चमत्कार हा अशा प्रकारे कामाच्या वाटणीतून निर्माण होत असे.

या पडद्यांच्या निर्मितीत कोल्हापूरच्या आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर यांचे नाव अग्रभागी आहे. १९१० नंतरच्या दशकात त्यांनी नाटक कंपन्यांसाठी रंगविलेल्या पडद्यांची मोठी ख्याती होती. आनंदरावांचे १९१६ मध्ये निधन झाले. बाबूराव पुढे चित्रपटाकडे वळले आणि १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' हा मूकपट आला. ललितकलादर्श मंडळीत पु. श्री. काळे यांनी नेपथ्यकलेला नवे वळण दिले. मामा वरेरकरांच्या 'सत्तेचे गुलाम' (१९२२) या नाटकाच्या वेळी तीन भिंतींचे वास्तवदर्शी नेपथ्य आले आणि गुंडाळीच्या पडद्यांचे युग ओसरू लागले.

प्रदर्शनात या पडद्याचे मोठे छायाचित्र भिंतीवर लावणे सहज शक्य आहे. प्रोजेक्टरने चारही भिंती उजळून टाकणेही शक्य आहे. परंतु तसे केल्यास पडद्याचे सत्यच हरवते. पडदा कापडाचा होता, त्याला वजन होते, तो वर जाताना आवाज होई आणि हवेने हले. म्हणून प्रदर्शनात कापडावर हाताने रंगविलेला किमान एक पडदा असावा आणि तो दोरी ओढून वर-खाली करण्याची मुभा प्रेक्षकाला असावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या पडद्याच्या मागे जाता आले पाहिजे. मागे रंग नसतो. तेथे कापडाचे जोड, शिवण आणि दोरखंड दिसतात. समोरून राजवाडा आणि मागून जोडलेले कापड, हा अनुभव घेतलेल्या विद्यार्थ्याला नाटक ही काय वस्तू आहे, हे पाठ्यपुस्तकातील प्रकरणापेक्षा लवकर कळेल.

प्रकाश, वस्त्र आणि गंध

किर्लोस्करांच्या काळी नाटके तेलाच्या दिव्यांवर होत. पुढे किटसनच्या बत्त्या आल्या आणि त्यानंतर शहरांतील नाट्यगृहांत विजेचे दिवे आले. प्रकाश बदलला, की रंगभूषा आणि वस्त्र यांचेही मूल्य बदलते. मंद, हलत्या उजेडात जरीचा काठ मधूनमधून चमकतो. विजेच्या स्थिर प्रकाशात तीच जर सतत आणि सपाट दिसते. बालगंधर्वांनी १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. तिच्या वैभवाची वर्णने आठवणींच्या साहित्यात वारंवार येतात. उंची शालू, खरे गालिचे आणि प्रेक्षागृहात दरवळणारे अत्तर हे त्या काळच्या प्रेक्षकाच्या स्मरणात गाण्याइतकेच राहिले.

येथे एक गोष्ट स्पष्ट होते. आज 'इमर्सिव्ह' या शब्दाने ओळखली जाणारी कल्पना, म्हणजे प्रेक्षकाच्या सर्व इंद्रियांना एकाच वेळी वेढून टाकणे, मराठी नाटक कंपनीने शंभर वर्षांपूर्वी कोणत्याही सिद्धांताविना अमलात आणली होती. प्रदर्शनात त्यासाठी महाग यंत्रणेची गरज नाही. एकाच प्रकारच्या जरीच्या वस्त्राचे दोन तुकडे, एक ज्योतीच्या प्रकाशात आणि दुसरा विजेच्या प्रकाशात, शेजारी शेजारी ठेवले तरी पुरेसे आहे. दाराशी अत्तराचा एक फाया ठेवला, तर तो शंभर ओळींच्या वर्णनाचे काम करील.

सूर आणि वेळ

सर्वांत अवघड प्रश्न संगीताचा आहे. भारतात ग्रामोफोनचे ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये सुरू झाले आणि नाट्यपदांच्या तबकड्या घरोघर पोहोचल्या. आज बालगंधर्वांचा आवाज म्हणून जो ऐकू येतो, तो बहुतांशी या तबकड्यांवरचा आहे. परंतु तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच मावत. रंगमंचावर तेच पद प्रेक्षकांच्या मागणीनुसार कितीतरी लांबे. 'वन्स मोअर'चा गजर झाला, की नट भूमिका क्षणभर बाजूला ठेवून पुन्हा पदाला हात घाली आणि प्रत्येक वेळी त्यात नवी जागा निघे. नाटक रात्रभर चाले, त्याचे कारण कथानकाच्या लांबीत नव्हते, ते या देवघेवीत होते. साथीला ऑर्गन, सारंगी आणि तबला असे. गंधर्व मंडळीत सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवाँ यांच्यासारखे कलावंत होते. मैफलीत मानाने बसावेत असे हे वादक नाटकात साथीला बसत होते, यावरून नाट्यगायनाची तत्कालीन पातळी लक्षात येते.

या पार्श्वभूमीवर प्रदर्शनात केवळ तबकडी वाजविली, तर प्रेक्षकाचा गैरसमज होईल. नाट्यपद म्हणजे तीन मिनिटांचे गाणे, अशी त्याची समजूत होईल. म्हणून ध्वनीच्या दालनात दोन गोष्टी शेजारी असाव्यात : एक तीन मिनिटांची तबकडी आणि दुसरे त्याच पदाचे पूर्ण लांबीचे, प्रेक्षकांच्या प्रतिसादासह झालेले ध्वनिमुद्रण. ललितकलादर्शचे भालचंद्र पेंढारकर (निधन २०१५) यांनी शेकडो मराठी नाटकांच्या प्रयोगांचे ध्वनिमुद्रण चिकाटीने करून ठेवले. जयराम आणि जयमाला शिलेदार यांच्या 'मराठी रंगभूमी' या संस्थेने स्वातंत्र्योत्तर काळात संगीत नाटकाचे प्रयोग अनेक दशके चालू ठेवले आणि कीर्ती शिलेदार (निधन २०२२) यांनी तो वारसा पुढे नेला. हे नंतरच्या काळातील प्रयोग आहेत, १९११ चे नाहीत, ही बाब दालनात स्पष्ट लिहिली पाहिजे.

लंडनच्या प्रदर्शनातील हेडफोनचा विचार याच ठिकाणी करावा लागतो. हेडफोन लावलेला प्रेक्षक एकटा असतो. वाग्नरने १८७६ मध्ये बायरॉइट येथे उभारलेल्या नाट्यगृहात वाद्यवृंद दृष्टीआड ठेवला होता आणि प्रेक्षागृह अंधारे केले होते. अशा परंपरेत एकाग्र आणि एकट्याचे श्रवण शोभून दिसते. संगीत नाटकाचे श्रवण मात्र सामुदायिक होते. शेजारच्याची दाद ऐकून आपली दाद निघे आणि त्या दादेतून पुढची तान निघे. कानांवर हेडफोन चढविले, तर नेमका हा दुवा तुटतो. म्हणून या प्रदर्शनात हेडफोन नसावेत. एक उघडा ध्वनिवर्धक, समोर बैठक आणि एका वेळी पंधरा-वीस श्रोते, अशी रचना असावी. पद संपल्यावर श्रोत्यांनी 'वन्स मोअर' म्हटले तरच पुढचा विस्तार वाजवावा; नाही म्हटले, तर वाजवू नये. गाण्याची लांबी ठरविण्याचा जुना अधिकार अशा रीतीने प्रेक्षकाकडे परत जाईल.

रंगपट

रंगपटाचे दालन हे या प्रदर्शनाचे नैतिक केंद्र ठरावे. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) हा पुरुष रंगपटात शिरे आणि भामिनी बाहेर पडे. त्यांची नेसण्याची आणि केशरचनेची पद्धत प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी उचलली. पुरुष नटाने घडविलेल्या स्त्रीरूपाचे अनुकरण स्त्रिया करीत होत्या आणि त्या काळी त्याच रंगमंचावर उभे राहणे मात्र कुलीन स्त्रीला निषिद्ध मानले जात होते. हिराबाई बडोदेकर यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःची नाट्यसंस्था काढून भूमिका केल्या. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांनीच स्त्रीभूमिका केल्या. पुढे गोहरबाई कर्नाटकी बालगंधर्वांच्या कंपनीत स्त्रीभूमिका करू लागल्या. केवळ 'बालगंधर्वांचे सौंदर्य' दाखवून थांबणारे प्रदर्शन हा अर्धा इतिहास सांगेल. रंगपटातील आरशासमोर भामिनीचा शालू असावा आणि शेजारी दुसरा, रिकामा आरसा असावा. ज्यांना तेथे बसू दिले गेले नाही, त्यांची ती जागा असेल.

याच दालनात १२ मार्च १९११ चा दुसरा प्रसंग येतो. त्या दिवशी बालगंधर्वांच्या लहान मुलीचे निधन झाले आणि तरीही त्यांनी प्रयोग केला. ही हकीकत कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून पिढ्यानपिढ्या सांगितली गेली आहे. प्रदर्शनात करुण संगीत आणि अंधुक प्रकाश वापरून ती 'अनुभवायला' लावणे औचित्याला धरून होणार नाही. दुसऱ्याचे दुःख देखावा करून विकण्यासारखे ते होईल. त्या दिवसाच्या प्रयोगाचा उल्लेख आणि त्याखाली एका वाक्यात ही नोंद, एवढेच पुरे. प्रेक्षकाला किती सामावून घ्यायचे, याचप्रमाणे कोठे थांबायचे, हेही मांडणी करणाऱ्यास कळले पाहिजे.

हिशेब आणि अस्त

वैभवाला किंमत होती. गंधर्व नाटक मंडळीवर मोठे कर्ज झाले आणि ते फेडण्यात पुढील अनेक वर्षे गेली. १९३१ मध्ये बोलपट आला आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट प्रदर्शित झाला. त्याचे संगीत 'मानापमान'च्या चाली देणाऱ्या गोविंदराव टेंब्यांचे होते आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच होती. ज्या हातांनी नाटकाला सूर दिला आणि ज्या हातांनी पडदे रंगविले, तेच हात चित्रपट घडवू लागले. अनेक नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांनी बालगंधर्वांना घेऊन 'साध्वी मीराबाई' हा चित्रपट केला. तो बव्हंशी रंगमंचावरील नाटकच कॅमेऱ्यापुढे मांडल्यासारखा होता आणि त्यास अपेक्षित यश लाभले नाही. श्रेष्ठ नेपथ्यकार आणि श्रेष्ठ गायक-नट एकत्र येऊनही ते जमले नाही. प्रयोग जसाच्या तसा दुसऱ्या माध्यमात ओतता येत नाही, हा त्याचा धडा आजच्या मांडणशिल्पकारासही उपयोगी आहे.

या अस्ताची अगदी अलीकडील खूण कोल्हापूरची आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पूर्ण केलेले पॅलेस थिएटर पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखले गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, म्हणजे केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ते आगीत भस्मसात झाले. पुनर्बांधणीचे काम नंतर हाती घेण्यात आले. परंतु संगीत नाटकाचे भौतिक अवशेष किती थोडे आणि किती असुरक्षित आहेत, हे त्या रात्री स्पष्ट झाले. कापड, लाकूड, दोर आणि कागद यांचे हे विश्व जळण्यास, कुजण्यास आणि रद्दीत जाण्यास फार वेळ लागत नाही. म्हणून या विषयावरचे प्रदर्शन हा हौसेचा भाग राहिलेला नाही. ते दस्तऐवज गोळा करण्याचे निमित्तही आहे.

फिरते प्रदर्शन आणि जळकोट

संगीत नाटकाची स्मारके पुणे, मुंबई, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यात एकवटलेली आहेत. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी सुरू झाले. तेथील राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचा मोठा संग्रह आहे. मराठवाडा या नकाशात क्वचितच दिसतो. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे गाव सोलापूर–हैदराबाद मार्गावर, नळदुर्गच्या पुढे आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. सोलापूरला १८६० मध्येच रेल्वे पोहोचली होती. जळकोटला मात्र रस्त्यानेच यावे लागे. मोठ्या नाटक कंपन्यांचे बिऱ्हाड रेल्वेच्या डब्यांतून हले आणि त्यामुळे त्यांचा नकाशाही बराचसा रेल्वेचाच नकाशा होता.

तथापि या भागातील प्रेक्षक संगीत-नाट्याला अपरिचित होता, असे समजणे चुकीचे ठरेल. तुळजाभवानीच्या क्षेत्रात गोंधळ ही रात्रभर चालणारी विधिनाट्याची परंपरा आहे. संबळ, तुणतुणे आणि दिवटीचा उजेड, आरंभी देवदेवतांना आवाहन, मग गायन आणि निरूपण, आणि भोवती बसलेले यजमान व गावकरी, ही तिची रचना आहे. येथेही रंगभूमी आणि प्रेक्षागृह यांमध्ये भिंत नाही आणि येथेही वेळ श्रोत्यांच्या ओढीवर ठरते. पैठणच्या संत एकनाथांची भारुडे याच मराठवाड्याच्या मातीतली आहेत. बालगंधर्वांनी प्रभातच्या 'धर्मात्मा' (१९३५) या चित्रपटात पुरुषवेषात जी भूमिका केली, ती एकनाथांचीच होती. संगीत नाटकातील सूत्रधाराचे नमन आणि गोंधळ्याचे आवाहन यांचा उगम एकच आहे, असा दावा येथे करावयाचा नाही. परंतु गोंधळ ऐकलेल्या श्रोत्याला नांदी समजावून सांगण्याची गरज पडत नाही, एवढे निश्चित.

यातून प्रदर्शनाच्या स्वरूपाविषयी महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. नाटक कंपनीचे सर्व नेपथ्य गुंडाळता येण्याजोगे होते. पडदे बांबूवर गुंडाळून, कपडे पेटाऱ्यांत भरून कंपनी एका गावातून दुसऱ्या गावी जाई. प्रदर्शनही असेच असावे. दोन-तीन रंगविलेले पडदे, काही पेटारे, एक ऑर्गन किंवा पेटी, दोन आरसे, दिवे आणि ध्वनिवर्धक एवढे सामान एका मालमोटारीत मावेल आणि शाळेच्या सभागृहात किंवा मंगल कार्यालयात दोन दिवसांत उभे राहील. जळकोटमध्ये ते उभे राहिल्यास प्रवेशद्वारी संबळ आणि दिवटीचे दालन असावे, आणि ते परिसरातील गोंधळी कलावंतांच्या सल्ल्याने व त्यांना योग्य मानधन देऊन रचलेले असावे. त्यापुढे पडदा, प्रकाश, सूर, रंगपट आणि हिशेब अशी दालने यावीत. शेवटच्या दालनात एक रिकामा पेटारा असावा. गावात कोणाकडे जुनी हस्तपत्रके, तबकड्या, छायाचित्रे वा पदांच्या वह्या असतील, तर त्यांची प्रतिमा घेऊन मूळ वस्तू मालकास परत करावी आणि प्रतिमेची नोंद पेटाऱ्यात ठेवावी. प्रदर्शन पुढच्या गावी जाताना या गावाचा इतिहास बरोबर घेऊन जाईल.

मर्यादा

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. नव्याने रंगविलेला पडदा अस्सल नसतो, हा पहिला. तो योग्यच आहे, आणि त्याचे उत्तर लपवाछपवीत नाही. कोणती वस्तू मूळ, कोणती प्रतिकृती आणि कोणती अनुमानाने केलेली, हे प्रत्येक ठिकाणी सोप्या मराठीत लिहिले पाहिजे. अद्ययावत तंत्रज्ञान नाकारणे हा जुनाटपणा आहे, असा दुसरा आक्षेप घेतला जाईल. तंत्रज्ञान नाकारण्याचा येथे प्रश्नच नाही. ध्वनिमुद्रण, प्रतिमांकन आणि सूची यांसाठी ते अपरिहार्य आहे. मात्र ज्या कलेत प्रेक्षकाची दाद हाच एक घटक होता, तिच्या प्रदर्शनात प्रेक्षकाला निःशब्द पाहणारा करून सोडणारे तंत्र निरुपयोगी होय.

समारोप

'मानापमान'च्या निमित्ताने केलेल्या या विचारातून असे दिसते, की संगीत नाटकाची भूल चार गोष्टींनी घडत होती : दोरीवर चालणारा चित्रित पडदा, प्रकाश आणि वस्त्र यांचा मेळ, श्रोत्यांच्या मागणीवर वाढणारे गाणे आणि गावोगाव फिरणारा संसार. त्या भुलीमागे स्त्रियांना नाकारलेली जागा आणि कर्जाच्या वह्याही होत्या. प्रदर्शनाने यातील कोणतीही बाजू वगळू नये. भामिनीला धैर्यधराचे मोल कळले ते दिवाणखान्यात बसून नव्हे. त्यासाठी तिला वेष बदलून घराबाहेर पडावे लागले. संगीत नाटकाचा वारसाही शहरातील दालनांत बसून राहिला, तर त्याची ओळख ठरावीक रसिकांपुरतीच उरेल. पेटारे भरून तो जळकोटसारख्या गावांच्या वाटेला लागला, आणि तेथील संबळाशेजारी त्याचा ऑर्गन ठेवला गेला, तरच त्याचे खरे मोल पुन्हा एकदा पारखले जाईल.